कबरीतली सुरी कुणाची?



‘हे पूर्वीपासून असंच चालत आलंय,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पुरुषानं बाहेर जायचं, हत्यार चालवायचं, कमवून आणायचं. बाईनं मागं राहायचं. पण हे पूर्वीपासून म्हणजे नेमकं कधीपासून? आजच्या भागात आपण शेतीच्याही आधीच्या काळात जाऊ. तिथल्या माणसांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. पण त्यांनी आपली माणसं ज्या पद्धतीनं पुरली, त्यातून पुष्कळ कळतं.

ही जागा आपल्या देशातली नाही. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तर भागात बुर्तनिएक्स नावाचं मोठं पण उथळ तळं आहे. तिथला हिवाळा कडक असतो. तळ्याचं पाणी वरून गोठतं. या तळ्याकाठच्या खडीच्या टेकाडावर एक शेतवाडी होती, तिचं नाव झ्वेनिएकी. त्यांच्या भाषेत याचा अर्थ मासेमार. १९६४ साली तिथं खडी काढताना माणसाची हाडं वर आली. मग फ्रान्सिस झागोर्स्किस या संशोधकानं तिथं रीतसर खोदकाम सुरू केलं. आजवर तिथं तीनशेहून जास्त माणसांचे सांगाडे सापडले आहेत. सगळ्यात जुनी कबर नऊ हजार वर्षांहूनही जुनी आहे आणि सगळ्यात अलीकडची साडेचार हजार वर्षांच्या आसपासची. म्हणजे एकाच टेकाडावर चार हजार वर्षांहून अधिक काळ लोक आपली माणसं आणून पुरत होते.

खायचं काय, ल्यायचं काय?

या लोकांकडे शेत नव्हतं, गाय-म्हैस नव्हती, शेळी-मेंढी नव्हती. पाळलेलं जनावर एकच, कुत्रा. बाकी सगळं तळ्यातून आणि रानातून यायचं. तळ्यात मासे होते. त्यात पाईक नावाचा लांब तोंडाचा दातेरी मासाही होता. रानात रानडुक्कर, हरणं, नदीकाठी राहणारा बीव्हर आणि एल्क. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा खूप मोठं, जवळजवळ घोड्याएवढं उंच हरीण. माणसाच्या हाडांचा रासायनिक तपास केला की त्यानं आयुष्यभर काय जास्त खाल्लं याचा अंदाज बांधता येतो. इथल्या हाडांवरून दिसतं की गोड्या पाण्यातला मासा हा त्यांच्या जेवणाचा मोठा आधार होता.

यातली एक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. लाटव्हियातल्याच सार्नाते नावाच्या वस्तीवर शिंगाड्याच्या टरफलांचे थर सापडले आहेत, आणि शिंगाडे फोडायच्या लाकडी मोगऱ्याही. आपल्याकडे उपासाला चालतो तोच शिंगाडा. त्या काळी तिथली हवा आजच्यापेक्षा थोडी उबदार होती, म्हणून तो तिथल्या पाण्यात वाढायचा.

आणखी एक नवल. मडकं म्हटलं की आपल्याला धान्य आठवतं. पण बाल्टिकच्या या भागात शेती यायच्या कितीतरी आधी, साधारण साडेसात हजार वर्षांपूर्वी, मातीची मडकी आली. त्या काळच्या खापरांना चिकटून राहिलेला अंश तपासल्यावर त्यात माशाची चरबी आढळली. म्हणजे मडक्यात शिजायचं ते कालवणच.

आता थंडीचा विचार करा. अशा मुलखात कपडा ही हौस नव्हे, जीव वाचवायची गोष्ट. कापूस नाही, मेंढीची लोकर नाही, तेव्हा अंगावर घालायला जनावराचं कातडंच. पण कातडं काढलं आणि पांघरलं, असं होत नाही. आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडली नाही तर ते कुजतं. खरवडून, मळून मऊ केलं नाही तर वाळून फळीसारखं कडक होतं. मग ते कापायचं, हाडाच्या टोच्यानं भोकं पाडायची आणि शिवायचं. शिकार एका दिवसात होईल, पण एका माणसाचा अंगरखा तयार व्हायला कितीतरी दिवस बसून काम करावं लागणार. शिकारीची गोष्ट सगळे सांगतात, या बसून केलेल्या कामाची फारसं कुणी सांगत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माणूस पुरायची रीत

झ्वेनिएकीत बहुतेकांना उताणं, हातपाय सरळ ठेवून पुरलेलं आहे. अनेक कबरींत गेरू पसरलेला आहे, विशेषतः जुन्या कबरींत. आपण तुळशीवृंदावनाला, चुलीला, भिंतीला लावतो तोच तांबडा गेरू. काही ठिकाणी तो इतका आहे की माती लाल झाली आहे. त्यांच्या मनात काय होतं हे ते सांगून गेले नाहीत, पण गेरू आणायचा, कुटायचा आणि आपल्या माणसावर घालायचा, एवढे कष्ट ते घेत होते.

अनेकांच्या अंगावर जनावरांच्या दातांचे दागिने आहेत. एल्क, रानडुक्कर, हरीण, काही वेळा कुत्रा. दाताला भोक पाडून ओवायचं किंवा कपड्याला शिवायचं. लहान मुलांच्या कबरींतही असे दात सापडतात. नंतरच्या काळात अंबराचे दागिने दिसतात. अंबर म्हणजे झाडाचा कोट्यवधी वर्षं जुना, दगडासारखा घट्ट झालेला डिंक. तो बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर मिळतो, म्हणजे किनाऱ्याकडच्या लोकांशी देवाणघेवाण होती. काही कबरींत तर मृताच्या चेहऱ्यावर मातीचा लेप दिलेला आहे आणि डोळ्यांच्या जागी अंबराची कडी बसवलेली आहेत.

कबर बुजवायची माती हीही बघण्यासारखी आहे. अनेक कबरींत खड्ड्यातून निघालेली पिवळसर खडी परत टाकलेली नाही. जुन्या वस्तीच्या जागेवरची काळी माती आणून टाकलेली आहे. त्या मातीत चुलीची राख, हाडांचे तुकडे, मोडकी हत्यारं असतात. म्हणजे आधीच्या पिढ्या जिथं जगल्या, तिथल्या मातीनं नव्या मृताला झाकलं.

थंडी वाढली तेव्हा

अशीच आणखी एक जागा रशियाच्या करेलिया भागात, ओनेगा नावाच्या प्रचंड तळ्यातल्या बेटावर आहे. बेटाचं नाव युझ्नी ओलेनी ओस्त्रोव्ह, म्हणजे दक्षिणेकडचं हरणांचं बेट. १९३६ ते १९३८ या काळात तिथं १७७ कबरी खणल्या गेल्या. त्या साधारण ८२०० वर्षांपूर्वीच्या आहेत. इथल्या ८४ कबरींत मिळून एल्कचे चार हजारांहून जास्त दात सापडले. आता हा हिशेब आपल्याला सहज जमेल. एल्कलाही गाईसारखेच पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. एखाद्या कबरीत तीनशे दात असतील, तर तेवढ्यासाठी निदान अडतीस एल्क लागले. ते एका माणसानं एका हंगामात मारलेले नसणार. कित्येक हातांनी, कित्येक वर्षं जपून ठेवलेले ते दात असणार.

हे दात कशासाठी? फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या रिइटा राइनिओ या संशोधक बाईंनी तसेच दातांचे दागिने करून घेतले, अंगावर घातले आणि त्या सहा तास नाचल्या. नंतर नव्या दातांवर जे ओरखडे आणि खळगे पडले, तसेच जुन्या दातांवरही आढळले. म्हणजे आपल्याकडे घुंगरं वाजतात तसे ते दात नाचताना वाजत असावेत. बाई आणि पुरुष दोघांच्याही कबरींत ते आहेत.

पण एका बेटावर इतक्या कबरी का? ८२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतल्या वितळत्या बर्फाचं गोडं पाणी मोठ्या प्रमाणात समुद्रात गेलं. त्यानं समुद्राचे उबदार प्रवाह मंदावले आणि युरोपात शे-दीडशे वर्षं थंडी वाढली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातलं म्हणणं असं, की लहान उथळ तळी हिवाळ्यात फार काळ गोठून राहिली की पाण्यातली हवा संपते आणि मासे मरतात. ओनेगासारखं खोल, मोठं तळं मात्र तग धरतं. म्हणून आजूबाजूचे लोक तिथं गोळा झाले. एकाच पाण्यावर अनेकजण आले की हक्काचा प्रश्न येतो. ‘आमची माणसं इथं पुरलेली आहेत, म्हणून हे पाणी आमचंही आहे,’ असं सांगायचा मार्ग म्हणजे ते कबरस्तान. थंडी ओसरली, लोक पांगले आणि कबरस्तान वापरायचं थांबलं. दुष्काळात एकाच विहिरीवर चार वाड्यांनी यायचं म्हणजे काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता सुरीचा प्रश्न

परत झ्वेनिएकीला येऊ. तिथल्या कबरींत चकमकीच्या दगडाची हत्यारंही ठेवलेली आहेत. कापायची पाती आहेत, खरवडायचे दगड आहेत. दात आणि अंबर सुंदर दिसतात, म्हणून त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. दगड साधे, म्हणून मागं पडले. शिवाय बराच काळ अनेक ठिकाणी संशोधक असंच धरून चालायचे, की दगडाचं हत्यार म्हणजे पुरुषाचं.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या डॉ. एमी लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दगड नव्यानं तपासले. त्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दगडांच्या धारा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. दगडानं कातडं खरवडलं तर धारेवर एक प्रकारची झिलई येते, लाकूड तासलं तर वेगळी येते. आपला विळा बघूनही जाणती बाई सांगते, यानं गवत कापलंय की ऊस. तसंच हे, फक्त बारीक नजरेनं.

काय निघालं? काही दगडांनी कातडं कमावायचं काम केलेलं होतं. काही कधीच वापरलेले नव्हते. काही मुद्दाम मोडून ठेवल्यासारखे होते, जणू अंत्यविधीसाठीच केलेले. आणि मुख्य गोष्ट अशी, की बायकांच्या कबरींत हत्यारं असण्याचं प्रमाण पुरुषांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच होतं. वयाच्या हिशेबानं पाहिलं तर ती सगळ्यात जास्त मिळाली लहान मुलांजवळ आणि म्हाताऱ्या माणसांजवळ.

आता आपणही घाई करायला नको. बाईजवळ सुरी सापडली म्हणून ती शिकारीला जात होती, असं सिद्ध होत नाही. तान्ह्या बाळाजवळही दगड आहे, ते काही कातडं खरवडत नव्हतं. मागं राहिलेल्यांनी तो प्रेमानं, आठवणीनं किंवा रीत म्हणून ठेवला असेल. पण मग हाच नियम पुरुषालाही लावायला हवा. त्याच्याजवळ सुरी सापडली की तो शूर शिकारी, आणि तिच्याजवळ सापडली की कुणीतरी ठेवलेली भेट, हे दोन मापांनी मोजणं झालं. कबर खोटं बोलली नव्हती, बघणारे आधीच ठरवून आले होते.

सांगाडा बाईचा की पुरुषाचा, हे मोठ्या माणसाच्या बाबतीत मुख्यतः कमरेच्या हाडांवरून ओळखतात. बाळंतपणासाठी बाईचं ते हाड रुंद असतं. जिथं जमतं तिथं हाडातल्या अंशाची डीएनए तपासणीही करतात. जवळ काय वस्तू ठेवली आहे, यावरून ओळखणं म्हणजे अंदाजाला पुरावा म्हणणं.

आपल्या बैठकीसाठी

अशी मोजणी आजही होते. खुरपणी बाईची, बी जपून ठेवणं बाईचं, गोठा बाईचा. पण ‘शेतकरी कोण?’ असं कुणी दारात येऊन विचारलं, तर आपणच घरातल्या पुरुषाला हाक मारतो. सातबाऱ्यावर नाव नसलं की योजनेच्या यादीतही ते येत नाही. त्या तळ्याकाठी थंडीत जगायचं तर शिकार हवी होती आणि कमावलेलं कातडंही हवं होतं, पण गोष्ट शिकारीचीच झाली.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या अवजारांची यादी करायची: विळा, खुरपं, कुऱ्हाड, सूप, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, जे असेल ते. प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहायच्या. ते विकत कुणी घेतलं, जास्त वेळ कुणाच्या हातात असतं, आणि ते कुणाचं म्हणून ओळखलं जातं. तिन्ही रकान्यांत एकच नाव येतं का, ते बघा. ज्यांच्या घरी सासूबाई किंवा आजी आहेत, त्यांनी त्यांनाही जवळ बसवून घ्या. त्यांच्या वेळचं कोणतं अवजार कुणाच्या हातात होतं, हे त्यांच्या तोंडून आत्ताच लिहून घेता येईल.

यादी झाली की ती गटाच्या वहीत डकवून ठेवा. जमिनीच्या नावाचा किंवा योजनेच्या अर्जाचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा ती वही बरोबर असू द्या.