पेन्सिल, पोस्टर कलर की बोरू? हौशी चित्रकाराने माध्यम कसं निवडावं

भिवंडी शहराला लागून, वाडा रस्त्यावरचं आमचं शेलार म्हटलं की लोकांना आठवतात ते लूम, गोदामं आणि ट्रकांच्या रांगा. पण याच वस्तीत चित्रं काढणाऱ्यांचीही कमी नाही. कुणी लूमच्या पाळीवरून आल्यावर वहीत स्केच काढतो. कुणी शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपासून हातात धरलेला ब्रश अजून खाली ठेवलेला नाही. एखादी बाजी मेंदीच्या ऑर्डरी घेता घेता कॅनव्हासवर खत्ताती करून पाहते. यातले बहुतेक जण आर्ट स्कूलची पायरी कधी चढले नाहीत आणि चढणारही नाहीत. शौक आहे, म्हणून काढतात.

या मंडळींना घरात एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "आज हे, उद्या ते, एकही धड नाही!" पेन्सिल झाली, मग वॉटर कलर आले. ते अर्धवट राहिले आणि ॲक्रिलिकच्या ट्यूब आल्या. आता रेझिनचं खूळ. घरच्यांची तक्रार अगदीच खोटी नसते, कारण पैसा घरातूनच जातो. तरीही आमचं म्हणणं असं आहे की वेगवेगळी माध्यमं हाताळून पाहायलाच हवीत, त्याशिवाय आपला हात कशात चालतो हे कळणार नाही. फक्त पाहण्याची एक रीत आहे. ती सांभाळली तर पैसाही वाचतो आणि शौकही टिकतो.

मोठ्यांनीही बदलून पाहिलं

माध्यम बदलणं म्हणजे धरसोड, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या नामवंत चित्रकारांकडे पाहावं. 1915 साली पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाची मोठमोठी होर्डिंग रंगवत होते. पुढे पोटासाठी त्यांनी लाकडी खेळण्यांचे आराखडे केले. तैलरंगांत नाव झाल्यावरही ते थांबले नाहीत. 1967 साली त्यांनी केलेल्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळालं. सय्यद हैदर रझा यांनी 1940 च्या दशकात मुंबईचे रस्ते जलरंगांत रंगवले, फ्रान्सला गेल्यावर तैलरंगांत काम केलं आणि नंतर ॲक्रिलिककडे वळले. मुंबईचे अकबर पदमसी यांनी तैलरंग, जलरंग, शिल्प, छायाचित्रण, कॉम्प्युटर ग्राफिक्स अशा कितीतरी वाटा चालून पाहिल्या. 1960 चं त्यांचं ‘ग्रीक लँडस्केप’ हे प्रसिद्ध चित्र तर कॅनव्हासवर प्लास्टिक इमल्शनने केलेलं आहे. भिंतींना लावतात त्याच जातीचा हा रंग.

या तिघांचीही मेहनत मोठी होती, आपली बरोबरी त्यांच्याशी नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एका माध्यमाने जे दिलं ते गाठीशी ठेवून ते दुसऱ्याकडे गेले. पहिलं जमलं नाही म्हणून पळाले नाहीत.

सुरुवात कागदापासून

वॉटर कलर सोडून देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची चूक हाताची नसते, कागदाची असते. भिवंडीकरांना हे समजावणं सोपं आहे. लूमवर बीम चढण्याआधी सूत सायझिंगला जातं. तिथे त्याला खळ बसते, म्हणून धागा तुटत नाही. चित्राच्या कागदालाही असंच सायझिंग असतं. जलरंगाच्या चांगल्या कागदात बहुधा जिलेटिनसारखा पदार्थ असतो, त्यामुळे रंग वरच्या थरावर थांबतो, पसरवता येतो, ओल्या ब्रशने थोडा उचलताही येतो. वर्तमानपत्राच्या कागदात हे जवळजवळ नसतंच, म्हणून पाणी पडताक्षणी आत शिरतं.

घरी तपासून पाहा. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब फुगलेला राहिला तर सायझिंग आहे. लगेच शोषला गेला तर त्या कागदावर जलरंग डागच होणार, मग रंग कितीही महागाचे असोत. दुसरी गोष्ट जाडीची, म्हणजे जीएसएमची. साधा चित्रकलेच्या वहीचा कागद ओला झाला की फुगतो, लाटा येतात. 300 जीएसएमचा कागद पाणी सहन करतो. तेव्हा पैसे कमी असतील तर रंगांचा मोठा सेट घेऊ नका, लहान सेट घ्या आणि उरलेले पैसे कागदावर घाला.

एकच ताका, चार माध्यमं

माध्यमं तोलून पाहायची तर विषय एकच ठेवावा. विषयही बदलला आणि रंगही बदलला, तर चित्र फसलं कशामुळे हे कळत नाही. आपल्याकडे सहज मिळणारा विषय म्हणजे कापडाचा ताका. घड्या, कडा, सावली, मऊपणा सगळं त्यात आहे. खिडकीजवळ ठेवा आणि तोच चार वेळा काढा.

पेन्सिल: 2बी, 4बी आणि 6बी अशा तीन पुरे. ‘बी’च्या मागचा आकडा वाढतो तशी पेन्सिल मऊ आणि काळी होते. इथे रंग नाही, म्हणून उजेड कुठून येतो हेच पाहावं लागतं. ज्याला पेन्सिलीत ताक्याची घडी दाखवता आली नाही, त्याला ती रंगातही दाखवता येत नाही. म्हणून पहिला मुक्काम इथे.

जलरंग: यात पांढरा म्हणजे कागदच. उजळ जागा आधीच सोडून ठेवायची आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. गडद झालेलं पुन्हा उजळ करणं फार कठीण. ज्यांना आधी विचार करून मग हात चालवायला आवडतं, त्यांना हे माध्यम मानवतं.

पोस्टर कलर: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांमुळे महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांना हे रंग ओळखीचे आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करताना वापरलेल्या त्या बाटल्या अनेकांच्या घरी अजून असतील. हा रंग अपारदर्शक, गडदावर फिकाही चढतो. पण सुकल्यावरही पाण्याने विरघळतो, म्हणून वरचा थर देताना खालचा उचलला जातो. जाड थर दिला तर तडे जातात.

ॲक्रिलिक: पाण्यात मिसळतो, सुकला की पाण्याला दाद देत नाही. चुकलं तर सुकू द्या आणि वरून रंगवा. नवशिक्याला याने धीर येतो. पण तो सुकतोही लवकर, त्यामुळे ताक्यावरची हळुवार छटा ओली असतानाच मिळवावी लागते. ब्रश लगेच धुतला नाही तर कायमचा गेला.

चारही चित्रं शेजारी लावून पाहा. आपला हात कुठे मोकळा होता आणि कुठे अडखळला, हे दुसऱ्याने सांगायची गरज उरत नाही. मेंदीचा कोन चालवणाऱ्या मुलींचा हात बारीक, अखंड रेषेवर आधीच बसलेला असतो. त्यांनी पेन आणि शाई जरूर करून पाहावी.

लूमचं कापड, घरचा कॅनव्हास

तयार कॅनव्हास महाग पडतो म्हणून अनेक जण ॲक्रिलिकच्या वाटेला जात नाहीत. आपण तर कापडाच्या गावात राहतो! लूमवरून उतरलेलं ग्रे कापड, म्हणजे ज्यावर धुलाई-रंगाई झालेली नाही ते, सरावाच्या कॅनव्हासला चांगलं चालतं. फक्त ते सुती आणि जाडसर असावं. आपल्याकडे पॉलिएस्टर आणि मिक्स मालही भरपूर निघतो, म्हणून एक धागा काढून मोकळ्या जागेत जाळून पाहा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

कापडावर सायझिंगची खळ असते, ती आधी गरम पाण्यात धुऊन काढा. सुकल्यावर लाकडी चौकटीवर ताणून मागून पिना ठोका. आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग कोपऱ्यांकडे, म्हणजे सुरकुत्या राहत नाहीत. वर ॲक्रिलिक जेसोचे दोन हात द्या आणि हलका पॉलिश पेपर मारा. तैलरंग मात्र जेसोशिवाय थेट कापडावर कधीच लावू नयेत. त्यातलं जवसाचं तेल कापडात मुरतं आणि काही वर्षांत कापड कुजून ठिसूळ होतं.

बोरूची वाट

काही घरांत जानदार तसवीर काढणं पसंत केलं जात नाही. या बाबतीत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक घराचा आपला निर्णय असतो. आम्ही एवढंच सांगू की त्यामुळे चित्रकलेचं दार बंद होत नाही. वेलबुट्टी, भौमितिक नक्षी, इमारती, निसर्ग आणि खत्ताती एवढ्यात एक जन्म पुरणार नाही.

खत्तातीचं साधन म्हणजे बोरू, उर्दूत कलम. तिरका काप दिलेल्या टोकाने एकच रेघ वळणानुसार जाड-बारीक होते. अक्षराचं माप नुक्त्याने, म्हणजे त्याच टोकाने उमटवलेल्या चौकोनी ठिपक्याने घेतात. अलिफ किती नुक्त्यांचा, हे नस्ख, सुलुस, नस्तालीक अशा शैलीवर ठरतं. मापाची ही रीत दहाव्या शतकातल्या बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नावाशी जोडली जाते. दौतीत रेशमी धाग्याचा छोटा गुंता ठेवला तर बोरू शाई बेताने उचलतो. आपल्याकडे धाग्याला तोटा नाही.

आधी सुटी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग शब्द, हाच क्रम उस्तादांचा. अनेक जण पहिल्याच दिवशी आयत लिहायला घेतात. मग बिघडलेले दहा कागद टाकायचे कुठे, हा प्रश्न पडतो. सराव अक्षरांचा करावा आणि हात बसल्यावरच आयत लिहावी. याने अदबही राहते आणि अक्षरही सुधारतं. हाच बोरू देवनागरीलाही चालतो, फक्त कापाचा कोन वेगळा द्यावा लागतो.

एका खोलीच्या घरात काय जपावं

रील पाहून सामान मागवण्याआधी घराचा विचार करा. तैलरंगासोबत टर्पेंटाइन येतं. त्याच्या वाफेने डोकं दुखतं, आणि बंद खोलीत लहान मुलं, आजारी माणसं असतील तर ते नकोच. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात ढीग घालू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. शेजारी सूत आणि चिंध्या असलेल्या आपल्या वस्तीत हा धोका लहान नाही. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून पूर्ण सुकवा.

निकाहनाम्याच्या आणि नावांच्या रेझिन फ्रेमला सध्या मागणी आहे, त्यामुळे मुली घरीच इपॉक्सी ओततात. रेझिन आणि हार्डनर कातडीला लागत राहिले तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. हातमोजे आणि उघडी खिडकी याशिवाय हे काम करू नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर मुळीच नको.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की जलरंग सुकत नाही, शाई फुटते, कागदावर बुरशी धरते. ते चार महिने पेन्सिल आणि ऑइल पेस्टलला द्या. चित्रं भिंतीला टेकवून न ठेवता उंच, कोरड्या फळीवर ठेवा.

किती दिवस, किती पैसे

आमचा साधा हिशेब असा. एका माध्यमात दहा चित्रं झाल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. पहिली तीन-चार चित्रं सामानाशी ओळख होण्यातच जातात. कंटाळा येतो तो बहुधा इथेच, आणि रंगांच्या अर्धवट ट्यूब जमा होतात त्याही इथेच. दहानंतर सोडलं तर ते जाणून सोडणं होतं.

सुरुवातीला लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग घ्या. मिसळायला शिकलात की चोवीसच्या डब्याची गरज पडत नाही. चार मैत्रिणींनी किंवा दोस्तांनी मिळून चार माध्यमं आणावीत आणि महिन्याने अदलाबदल करावी. मोबाइलवर बोटाने रंगवण्याचे फुकट ॲप आहेत. रंगसंगती आधी तपासायला ते उत्तम, पण ब्रशचा दाब तिथे कळत नाही.

वर्षातून एकदा तरी मुंबईला काळा घोडा गाठा. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे आणि तिथे तिकीट नाही. समोरच नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. चित्राच्या शेजारच्या पाटीवर माध्यम लिहिलेलं असतं. आधी चित्र पाहा, माध्यम ओळखा, मग पाटी वाचा. छापील चित्रात किंवा मोबाइलवर रंगाचा थर दिसत नाही, तो तिथे दिसतो.

आणि घरच्यांना एक विनंती. मुलाने किंवा सुनेने नवं माध्यम मागितलं तर नकार देण्याआधी आधीच्या माध्यमातली दहा चित्रं मागून घ्या. ती समोर आली तर समजा की पैसा वाया गेलेला नाही. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, कागद आणि रंग लिहून ठेवायला सांगा. वर्षभराने तो गठ्ठा उलगडला की हात कुठे पोहोचला ते इन्शाअल्लाह सगळ्या घराला दिसेल.