शनिवार कुणाचा? आधी मुलांना विचारा!

ताथवडे म्हणजे टू बीएचके, होम लोन, हिंजवडीची कॅब आणि सोसायटीतले हॉबी क्लासेस. पण शनिवारी सकाळी गेटवर नीट बघा. पाठीला सॅक लावून एखादं मूल बाबाच्या गाडीची वाट बघत असतं. आईबाबा वेगळे झालेत, वेळापत्रक ठरलंय. ते ठरवताना त्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हेच झालं. दोघंही आयटीतले. शाळेची फी, दिवाळी, मे महिना, सगळं एक्सेल शीटमध्ये! नऊ वर्षांच्या लेकीचा चित्रकलेचा क्लास शनिवारी असतो, एवढंच राहिलं. ती गप्प राहिली, कारण बोललं तर बाबा रागावेल आणि आई रडेल. शेवटी समुपदेशक तिच्याशी एकटीशी बोलल्या. ती म्हणाली, "बाबाकडे जायचंय, पण रविवारी." झालं, एका दिवसाचा तर प्रश्न होता!

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा सांगतो, की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल, तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडा त्यात नाही. निर्णय मात्र मुलाच्या हिताचाच. १९८४ च्या कायद्यानुसार कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, त्यासाठी समुपदेशकही असतात. मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, असं सांगणारा १९८९ चा बालहक्क करारही भारताने १९९२ मध्ये स्वीकारलाय.

ऑस्ट्रेलियात मानसतज्ज्ञ जेनिफर मॅकिंटॉश यांनी याच पद्धतीवर काम केलंय. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाशी वेगळं बोलतो आणि त्याचं मन आईबाबांपर्यंत पोचवतो. तडजोड करायची ती मोठ्यांनीच.

फरक इथेच आहे, बॉस! "तुला आई हवी की बाबा?" हा प्रश्न म्हणजे मुलाला जज्जच्या खुर्चीत बसवणं. त्याऐवजी हे विचारा:

• दोन घरांत राहताना काय अवघड जातं?
• कुठली गोष्ट अजिबात बदलू नये असं वाटतं?
• आम्हाला काही सांगायचंय, पण भीती वाटते?

आणि उत्तर काहीही आलं, तरी नंतर त्याचा राग मुलावर काढू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते खरं बोलणारच नाही.