ड्रॅगन एज २

ड्रॅगन एज २ हा बायोवेअर या कॅनडातील कंपनीने विकसित केलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मार्च २०११ मध्ये प्रकाशित केलेला भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आहे. २००९ मधील ड्रॅगन एज: ओरिजिन्स या गेमचा तो पुढचा भाग होय.

चाहत्यांची नाराजी

पहिल्या भागात मानव, एल्फ व ड्वार्फ यांतून वंश निवडता येत असे आणि निवडीनुसार सहापैकी एका कथेने खेळाची सुरुवात होत असे. दुसऱ्या भागात हॉक हे मुख्य पात्र मानवच आहे. कथानक मुख्यतः कर्कवॉल या एकाच नगरात घडते आणि त्याच गुहा व घरे निरनिराळ्या मोहिमांत पुन्हा दिसतात. संगणकावरील आवृत्तीत रणांगण उंचावरून पाहण्याची सोय उरली नाही. त्यामुळे सावकाश डावपेच आखणाऱ्यांना वेगवान लढाई उथळ वाटली.

मूल्यमापन

सहकारी पात्रे आणि सुमारे दशकभराचा कथापट यांची प्रशंसा झाली. तथापि, या प्रकारच्या खेळात निवडीमुळेच पात्र खेळाडूला आपले वाटते. ती आकसल्यावर नव्या गुणांनी उणीव भरून निघाली नाही. २०१४ मधील ड्रॅगन एज: इन्क्विझिशनमध्ये वंशनिवड व विस्तीर्ण प्रदेश पुन्हा समाविष्ट करण्यात आले.