अखेरचे पन्नास हात

२९ मे २०२५ रोजी 'तारिणी' मुरगाव बंदरात परतली, तेव्हा तिच्या स्वागतास खुद्द केंद्रीय संरक्षणमंत्री उपस्थित होते. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी आठ महिन्यांत शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, आणि ती नौका आमच्या दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेली! गोमंतकीयांना अभिमान वाटला तर नवल नाही. परंतु अशा समारंभात दोर झेलावयास धक्क्यावर शंभर हात सज्ज असतात. एकटा नाविक निमूटपणे परततो तेव्हा दोर झेलणारा कोणी नसतो, आणि त्याच्या विद्येची खरी कसोटी तेथेच लागते.

या पराक्रमाची परंपरा जुनी नाही. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला, रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडीच्या गोदीत छप्पन्न फुटी 'म्हादेई' तयार झाली, आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन ही चार बंदरे घेऊन ते मे २०१० मध्ये परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली. किनाऱ्यास न लागणारा माणूस निदान किनाऱ्याच्या संकटातून तरी सुटतो, असे कोणी म्हटल्यास आम्ही ते विनोद म्हणून सोडून देणार नाही.

कारण भर समुद्रात चुकीला जागा असते. धक्क्यापाशी ती नसते. नौकेला ब्रेक नाही. सुकाणू चालते ते त्याच्यावरून पाणी वाहते तोवरच. वेग कमी केला की ते मुके होते आणि वेग राखला तर नाळ फुटते. थांबण्यासाठी इंजिन उलटे फिरवावे, तर पाण्यातील पंखा पिछाडीला एका कुशीस ओढतो. आपली नौका कोणत्या कुशीस ओढली जाते हे ज्याला ठाऊक आहे तो धक्का त्याच बाजूला घेतो आणि हा दोष कामी लावतो. शिडे बाहेरच उतरवावी लागतात, रबरी उशा आधीच कडेला सोडाव्या लागतात, दोर हाताशी वेटोळून ठेवावे लागतात. मग वारा आणि प्रवाह यांपैकी जो बलवान असेल त्याच्या तोंडावर, पायी चालणाऱ्याच्या गतीने, आत शिरावयाचे.

नवशिका प्रथम नाळेचा दोर बांधतो आणि तेथेच फसतो. वारा पिछाडी फिरवून शेजारच्या नौकेवर नेऊन आदळतो. जाणता नाविक प्रथम नौकेच्या मध्यावरील खुंटीचा दोर धक्क्यावरील मागच्या खुंट्यास अडकवितो, इंजिन मंदपणे पुढे चालू ठेवतो आणि सुकाणूचे चाक धक्क्यापासून दूर वळवितो. नौका आपण होऊन धक्क्याला अंग टेकून उभी राहते. बाकीचे दोर मग सावकाश बांधता येतात. पाय लावून नौका थोपवू पाहणाऱ्याचा मात्र पायच जायचा. कित्येक टनांचे ते वजन असते. आणि नेम चुकला असे दिसताच मागे फिरून पुन्हा येणे, हे धक्क्यावरील लोकांच्या नजरेच्या भिडेने पुष्कळांना जमत नाही.

आमच्या नद्यांत या विद्येला आणखी पदर आहेत. दुपारी पश्चिमेचा खारा वारा चढतो. सकाळी तो जमिनीकडून मंद वाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे दोन मीटर बदलते. भरतीला स्थिर धक्क्याशी आखूड दोराने बांधलेली नौका ओहोटीला दोरावर लोंबकळू लागते. म्हणून पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा. आमच्या मच्छीमारांना ही सारी गणिते अंगवळणी आहेत. होडी एकट्याने काठाला लावणारा नाखवा 'मरीना' हा शब्द ऐकण्यापूर्वीपासून हेच करीत आला आहे.

आणि हा शब्द उच्चारताच गोव्यात वाद पेटतो. जुवारीकाठी नावशी येथील मरीनाच्या बेतास मच्छीमारांनी विरोध केला, तो आम्हांस रास्त वाटतो. चिखलीच्या उपसागरात ज्या शिंपल्यांच्या कवचांनी आपल्या जुन्या घरांच्या खिडक्या उजळल्या, ते शिंपले अद्याप जगतात. परदेशी धनिकांच्या क्रीडानौकांसाठी नदीचा तळ उपसावयाचा आणि होडीवाल्याने जाळी टाकावयास अन्यत्र जावे, हा व्यवहार कोणासही पटणार नाही.

तथापि मरीना नको म्हणताना आपण धक्काही नाकारतो की काय, अशी शंका आम्हांस येते. पणजीसमोर मांडवीत तरंगत्या कॅसिनोंना जागा मिळते. परंतु रायबंदरच्या किंवा बेतीच्या मुलाने एकट्याने शिडाची होडी आणून कोठे लावावी, याचे उत्तर कोणाजवळ आहे? बंदर कप्तान खात्याने पाच-सहा होड्यांपुरता, तळ न उपसता उभा राहणारा एक सार्वजनिक तरंगता धक्का मांडवीत बांधावा. जागा मच्छीमारांना विचारून ठरवावी, आणि शिकविण्याचे काम त्यांच्यातीलच एखाद्या निवृत्त तांडेलाकडे रीतसर वेतन देऊन सोपवावे. पावसाळा सरून आग्वादच्या तोंडावरील वाळूचा बांध शांत झाला की प्रारंभ करता येईल.