प्रकाशप्रदूषित आकाशाचे छायाचित्रण : उद्भासनकाल आणि गोंगाट

बारामती शहरातील गच्चीवरून एखाद्या मंद दीर्घिकेचे छायाचित्र घ्यावे, की उपकरणे घेऊन पूर्वेकडे इंदापूर तालुक्यातील माळावर जावे, हा प्रश्न या भागातील खगोलछायाचित्रकारापुढे प्रत्येक अमावास्येला उभा राहतो. गच्चीचा पक्ष घेणारे दोन युक्तिवाद करतात. पहिला असा की, आकाशाची उजळी संगणकावर वजा करता येते. दुसरा असा की, उद्भासनकाल पुरेसा वाढविला म्हणजे शहरातही तेच चित्र मिळते. या दोहोंत कितपत तथ्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम गोंगाटाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. फोटॉन संवेदकावर घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे नियमित पडत नाहीत. ते यादृच्छिक रीतीने येतात. सरासरी १०० फोटॉनांची गणना अपेक्षित असेल, तर तीत सुमारे १० चा चढउतार होतो. १०,००० अपेक्षित असतील तर सुमारे १०० चा. म्हणजे चढउतार हा गणनेच्या वर्गमुळाइतका असतो. आता असे समजा की, एका पिक्सेलवर आकाशाचे १०,००० आणि दीर्घिकेचे केवळ १०० इलेक्ट्रॉन जमले. आकाशाची सरासरी वजा केली की १०० उरतात हे खरे. परंतु आकाशाचा १०० चा चढउतार त्यात तसाच राहतो. संकेत आणि गोंगाट समसमान झाले! सरासरी वजा करता येते, चढउतार वजा करता येत नाही. पहिला युक्तिवाद येथेच निकालात निघतो.

दुसऱ्या युक्तिवादाचे मूळ जुन्या काचपट्टीच्या काळात आहे. अतिमंद प्रकाशात पट्टीची कार्यक्षमता घटत असे, आणि अनेक तोकडी उद्भासने एकत्र करून एका दीर्घ उद्भासनाचे फळ मिळत नसे. इलेक्ट्रॉनीय संवेदकात ही अडचण उरलेली नाही; त्यावरील अनेक चित्रांची बेरीज करता येते. मात्र प्रत्येक चित्र वाचताना परिपथाचा स्वतःचा गोंगाट त्यात मिसळतो. त्यास आपण वाचन-गोंगाट म्हणू. उद्भासन जितके तोकडे, तितकी वाचने अधिक, आणि म्हणून हा गोंगाटही अधिक.

वस्तूपासून दर सेकंदास एका पिक्सेलवर मिळणारे इलेक्ट्रॉन स, आकाशापासून मिळणारे न, वाचन-गोंगाट व आणि एका चित्राचा उद्भासनकाल क सेकंद मानू. संवेदक थंड ठेवलेला असून त्याचा अंधारप्रवाह उपेक्षणीय आहे असेही गृहीत धरू. मग संकेताचे गोंगाटाशी गुणोत्तर ग हवे असल्यास एकूण काल ए पुढीलप्रमाणे येतो :

ए = ग² (स + न + व²/क) ÷ स²

या सूत्रात क केवळ शेवटच्या पदात येतो. न च्या मानाने व²/क हे पद नगण्य झाले की क आणखी वाढवून फारसे काही हाती लागत नाही. एका चित्रात आकाशाचे इलेक्ट्रॉन व² च्या दसपट जमले, म्हणजे आकाशाच्या गोंगाटात वाचनामुळे पडणारी भर सुमारे ५ टक्केच राहते. म्हणून क = १० व²/न हे व्यवहारात पुरेसे माप होय.

आता एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे मोजलेले नसून हिशेबाकरिता घेतलेले आहेत. व = ३, स = ०.१ आणि ग = १० धरू. शहरात न = ४ आणि अंधाऱ्या माळावर न = ०.४ असो, हा फरक अडीच प्रतींचा झाला. शहरात क = २२.५ सेकंद येतो आणि एकूण काल ४५,००० सेकंद, म्हणजे साडेबारा तास, चित्रे २,०००. माळावर क = २२५ सेकंद, एकूण काल ५,४०० सेकंद, म्हणजे दीड तास; चित्रे अवघी २४. शहरातच २२५ सेकंदांची उद्भासने घेतली तर? एकूण काल साडेअकरा तासांवर येतो. दसपट उद्भासनाने वाचला तो केवळ एक तास. शिवाय तेजस्वी ताऱ्यांचे पिक्सेल संपृक्त होऊन त्यांचे रंग नाहीसे होण्याचा धोका आहेच. उलट माळावर २२.५ सेकंदांचीच उद्भासने घेतल्यास दीडाचे अडीच तास होतात. सारांश, दीर्घ उद्भासनाचे मोल अंधाऱ्या आकाशाखाली आहे, उजळ आकाशाखाली नाही.

साडेबारा तासांचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो? त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही दीर्घिका बारामतीच्या अक्षांशावरून याम्योत्तर वृत्तावर सुमारे ७७ अंश उंचीवर येते. तरीही क्षितिजापासून ३० अंशांहून अधिक उंचीवर ती एका फेरीत सुमारे साडेआठ तासच असते. तेव्हा शहरातून जे काम दोन रात्रींचे, ते माळावर एका रात्रीच्या अंशात उरकते आणि उरलेला काल अन्य वस्तूंना देता येतो. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यात न ठेवता याच जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला गिरावली येथे २००६ साली उभी राहिली, यामागेही शहराच्या उजेडापासून दूर जाण्याची हीच निकड आहे.

गाळण्या लावून शहरातील उजेड टाळता येईल काय? काही अंशी येईल. सोडियम दिव्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे, आणि तेवढा पट्टा गाळणे सोपे होते. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश मात्र वर्णपटात सर्वत्र पसरलेला असतो. हायड्रोजनच्या ६५६.३ किंवा ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर रेषेपुरती अरुंद गाळणी वायुरूप अभ्रिकांसाठी आजही उपयोगी पडते. एम ३३ मधील एनजीसी ६०४ ही अभ्रिका अशा रीतीने शहरातूनही टिपता येईल. परंतु दीर्घिकेच्या भुजांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे अखंड वर्णपटाचा असतो. आकाशाबरोबर तोही गाळला जातो.

इंदापूर तालुक्यात गेले की सर्वत्र अंधार मिळेल, असेही समजू नये. पावसाळ्यानंतर आकाश निवळते त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि त्यांची आवारे रात्रभर उजळलेली असतात. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण व इंदापूरवरून जातो. उजनीच्या फुगवट्याजवळ थंडीत भिंगावर दव धरते. कडबनवाडीसारखे गवताळ माळ अधिक सोयीचे वाटतात. मात्र वनजमिनीवर रात्री थांबण्यास वनखात्याची परवानगी अवश्य घ्यावी.

म्हणून स्थळाची निवड ऐकीव माहितीवर न करता मोजून करावी. चंद्र नसताना आकाशाचे एक चाचणीचित्र घ्यावे. पार्श्वभूमीच्या सरासरीतून शून्य-उद्भासनाची पातळी वजा करावी. बाकीला दर एककामागील इलेक्ट्रॉनांनी गुणून सेकंदांनी भागावे. हा झाला न. बारामती ते इंदापूर या वाटेवर पाच-सहा ठिकाणी, हंगामात आणि हंगामाबाहेर, असे मापन केल्यास छायाचित्रणाचे वेळापत्रक तर ठरेलच. शिवाय कोणत्या दिव्यावर झाकण बसविल्याने आकाश किती काळवंडते, हेही आकड्यांत सांगता येईल. वरील सूत्राप्रमाणे आकाशाची उजळी निम्मी होणे म्हणजे मंद वस्तूंसाठी दुर्बिणीचा काल जवळजवळ दुप्पट होणे होय. पदव्युत्तर प्रकल्पास हा विषय सर्वथा योग्य आहे.