पावसातली शर्यत आणि सैल राहिलेल्या वस्तू

जून लागला की आमच्या नंदाखालला घरोघरी एक ठराव न बोलताच पास होतो. बाईची स्कूटर पडवीत जाते, तिच्यावर ताडपत्री चढते आणि बाई चार महिने रिक्षाची वाट पाहत उभी राहते. आगाशीचे काम, विरार स्टेशन, मुलांची शिकवणी, सासूबाईंची औषधे, सगळे "कोणी सोडील का?" यावर येऊन अडते. पुरुषांच्या मोटारसायकली मात्र त्याच रस्त्यावरून, त्याच पावसात धावत असतात. त्यांना पाऊस कमी लागतो की काय, देव जाणे!

मी आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवायला जाते, तीही रेनकोट घालून स्कूटरवरूनच. "पावसात बाईमाणसाने कशाला चालवावी?" हे मला दरवर्षी ऐकावे लागते. यंदा वाद न घालता मी एक जुनी हकीकत सांगायला लागले आहे. भाच्याला मोटारींच्या शर्यतींचे वेड, त्याच्या नादाने ती वाचनात आली. मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका.

दिवस ५ ऑगस्ट १९६२, रविवार. जर्मनीत आयफेल डोंगरात न्युर्बुर्गरिंग नावाचा शर्यतीचा मार्ग आहे. मार्ग कसला, घाटच म्हणा! एक फेरी जवळजवळ २३ किलोमीटरची, दीडशेहून जास्त वळणे आणि दोन्ही अंगांना झाडी. आपला कसारा घाट डोळ्यांसमोर आणा. अशा पंधरा फेऱ्या मारायच्या, ती जर्मन ग्रां प्री. त्या दिवशी पाऊस असा कोसळला की शर्यत सुरू व्हायलाच तासाभराहून अधिक उशीर झाला. गाड्यांना वर छप्पर नाही. त्या काळी ड्रायव्हरला बांधणारा पट्टाही नसे. तोंड उघडे राहील असे हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल, एवढाच काय तो बंदोबस्त. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले पाणी सरळ मागच्याच्या तोंडावर!

जिंकला तो इंग्लंडचा ग्रॅहॅम हिल. पण मला गंमत वाटली ती जिंकण्या-हरण्याच्या कारणांची. सरावाच्या वेळी एका गाडीवर चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवला होता. तो सुटून रस्त्यावर पडला. मागून हिल भरधाव आला, त्याची गाडी कॅमेऱ्यावरून गेली, तेलाची नळी तुटली आणि गाडी रस्ता सोडून आदळली. हिल बचावला हे नशीब. दुसरा जिम क्लार्क, त्या काळातला सर्वांत वेगवान म्हणावा असा. सुरुवातीला गॉगल पुसण्याच्या गडबडीत पेट्रोलच्या पंपाचे बटण चालू करायलाच विसरला! सगळे निघून गेले आणि हा जागेवर. मग एकेकाला मागे टाकत चौथा आला, पण चौथाच. तिसरा अमेरिकेचा डॅन गर्नी. सर्वांत पुढून निघाला आणि सुरुवातीला आघाडीवरही होता. त्याच्या पायाशी ठेवलेली बॅटरी सैल झाली, ती पायाने दाबून धरत त्याने गाडी चालवली. कुकरची शिटी एका हाताने आणि रडणारे मूल दुसऱ्या हाताने सांभाळणाऱ्या बाईला ही कसरत नव्याने सांगायला नको.

पंधरा फेऱ्यांना हिलला दोन तास अडतीस मिनिटांच्या वर वेळ लागला. दुसरा आलेला जॉन सर्टीज त्याच्या मागे अवघा अडीच सेकंद होता आणि गर्नी साडेचार सेकंदांच्या आत. हा सर्टीज आधी मोटारसायकलचा जगज्जेता होता, दुचाकीवरचा पावसाळा काय असतो ते त्याला विचारावे! पण पाठीला पाठ लावून तो येत असतानाही हिलने त्याला पुढे जाऊ दिले नाही. हिल काही जन्मजात जादूगार समजला जात नसे. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्याला मोटार चालवण्याचा परवानाही नव्हता. गाडीची प्रत्येक जुळणी वहीत टिपून ठेवायची त्याची सवय मात्र प्रसिद्ध होती. त्याची बायको बेट पिटमध्ये बसून घड्याळ लावून त्याच्या फेऱ्यांच्या वेळा टिपायची. दोघे मिळून हिशेब ठेवणारे जोडपे म्हणायचे. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला.

तर पावसात गाडी घसरते ती का? टायरवरच्या खाचा पाणी बाजूला काढतात आणि रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजल्या किंवा वेग फार वाढला की पाण्याला बाजूला व्हायला फुरसत मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो. मग ब्रेक आणि हँडल दोन्ही नुसते नावाचे. पहिल्या सरीत तर रस्त्यावरचे सांडलेले तेल आणि धूळ भिजून नुसती साबणाची फरशी होते. दोन-तीन जोरदार सरींनी ती धुऊन गेली की रस्ता जरा बरा. रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे पावसाळाभर निसरडीच. म्हणून ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून हलक्या हाताने. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर हळू जात ब्रेक दोन-तीनदा अलगद दाबावेत, म्हणजे ते सुकतात. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर मात्र उतरावे आणि परत फिरावे. तिथे हट्ट नको.

आणि सैल वस्तू! सुटा कॅमेरा काय, सुटी बॅटरी काय, आमच्याकडे त्यांची जागा ओढणीने घेतली आहे. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातून घालायचा घोळदार रेनकोट, हुकाला लोंबणारी भाजीची पिशवी, यातले काहीही चाकात जाऊ शकते. रेनकोट पॅंट-शर्टासारखा दोन भागांचा घ्यावा, दिसायला गबाळा असला तरी चालेल. मागे बसून छत्री उघडणाऱ्या बायका पाहिल्या की माझ्या पोटात गोळा येतो. वारा एकदा छत्रीत भरला की ती मागे ओढते आणि बाई छत्री सोडायची सोडून नवऱ्याला सोडते! हेल्मेटची काच आतून धुरकट होत असेल तर भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ फडक्याने पुसून टाकावा. क्लार्कला गॉगल पुसण्यात काय किंमत मोजावी लागली ते आठवा.

बायकांना वेग झेपत नाही म्हणणाऱ्यांना मी पुण्याच्या डायना पुंडोले यांचे नाव सांगते. दोन मुलांची आई, पेशाने शिक्षिका. २०२४ साली चेन्नईच्या ट्रॅकवर त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने राष्ट्रीय मोटार शर्यतीत अजिंक्यपद मिळवले. आपल्याला तर ताशी तीसच्या वेगाने शाळेत पोचायचे आहे.

हिलच्या गोष्टीचा उरलेला भाग आमच्या भाच्याला फारसा रुचत नाही, मला मात्र तोच रात्री आठवत राहतो. २९ नोव्हेंबर १९७५. त्याने स्वतःची टीम काढली होती आणि शर्यती सोडल्या होत्या. फ्रान्सहून परतताना तो स्वतःच विमान चालवत होता. लंडनजवळ धुक्यात विमान कोसळले आणि तो व टीममधले पाच जण, सगळे गेले. मग कळले की विमानाची नोंदणी आणि त्याचे स्वतःचे आवश्यक परवाने मुदतीत नव्हते. विम्याचा पैसा मिळाला नाही. इतर मृतांच्या कुटुंबांनी भरपाईचे दावे लावले आणि तीन मुलांच्या आईला राहते मोठे घर विकावे लागले. ज्याने गाडीचा एकेक स्क्रू वहीत टिपला, त्याच्या घरी हे कागद मुदत संपून पडून होते! तेव्हा मुलगा डेमन पंधरा वर्षांचा होता. पुढे त्याने मजुरी केली, मोटारसायकलवरून टपाल पोचवले, आणि १९९६ साली तोही जगज्जेता झाला. पण मधली वीस वर्षे बेटबाईंनी कशी काढली असतील!

ही हकीकत वाचल्यावर मी "ह्यां"ना विचारले, आपल्या दोन्ही गाड्यांचा विमा कधी संपतो? "असेल कुठेतरी कागद," असे उत्तर आले. तुमच्याकडेही बहुधा हेच येईल. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. तो बहुतेक घरांत गाडी घेताना काढलेला असतो, पुढे त्याचे काय होते ते कोणी पाहत नाही. स्कूटर बाई चालवते, पण कागद कपाटाच्या वरच्या खणात, किल्ली ह्यांच्याकडे. मी तो खण उघडवला. दोन्ही विम्यांच्या, लायसन्सच्या आणि पीयूसीच्या तारखा आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहिल्या आहेत, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. स्कूटरचा विमा सप्टेंबरात संपतो.