बोंब कोणाच्या नावाने?

जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर बोंबाबोंब आंदोलन झाले, ही बातमी वाचून सोलापुरात आता कोणी हातातला चहाचा पेला खाली ठेवीत नाही. कधी थकलेले वेतन, कधी पीकविमा, कधी रस्ता, तर कधी पाणी. तीस-चाळीस माणसे जमतात, तोंडावर हात आपटून पाच-दहा मिनिटे बोंब ठोकतात, छायाचित्र निघते, आतून कोणीतरी येऊन निवेदन घेऊन जातो आणि मंडळी पांगतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रेही ते तीन ओळींत छापून मोकळी होतात. त्या दोषातून आम्ही स्वतःस वगळीत नाही. आंदोलकांची टवाळी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दुसरा उपाय उरला नाही म्हणूनच माणूस भर रस्त्यात तोंडावर हात मारून घेतो. परंतु ज्या शब्दाच्या बळावर हे आंदोलन उभे आहे, त्या शब्दात आज किती बळ उरले आहे, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

'बोंब' हा शब्द शिष्टांच्या बैठकीतला नव्हे. मोल्सवर्थच्या कोशाने त्याला जागा दिली, पण आमच्या सभ्य लेखकांना तो उच्चारण्याचा संकोच वाटला आणि त्यांनी त्याला 'शंखध्वनी' असे सोवळे नेसविले. वस्तुतः या दोहोंत मोठे अंतर आहे. शंख देवापुढे वाजतो, बोंब माणसापुढे. होळी पेटली की गावाला वर्षातून एकदा मनातले ओरडून टाकण्याची मुभा मिळे. पण ती बोंबही मोघम नसे. ती कोणाच्या तरी नावाने मारली जाई. 'अमक्याच्या नावाने शिमगा करणे', 'तमक्याच्या नावाने ठणाणा करणे' या वाक्प्रचारांत 'नावाने' हाच शब्द महत्त्वाचा आहे. ज्याचे नाव घेतले गेले, त्याला दुसऱ्या दिवशी चावडीवर मान वर करून बसणे जड जाई. 'चोराच्या उलट्या बोंबा' ही म्हणदेखील हेच सांगते. बोंबेला बोट दाखविण्याची शक्ती आहे हे चोरालाही ठाऊक असते, म्हणून तो ती आधी स्वतःच ठोकून बोट दुसऱ्याकडे वळवितो.

या शब्दाला आणखी एक अर्थ फुटला आहे आणि तो आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. 'आमच्याकडे पाण्याची बोंब आहे' असे गृहिणी सांगते, तेव्हा कोणी ओरडत असतो असे नव्हे. पाणी नसते, इतकेच. ओरडण्याचे नाव टंचाईलाच चिकटले. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाकडे वर्षानुवर्षे डोळे लावून बसलेल्या या शहराला हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. उलट 'बोंबलणे' या क्रियापदाची गत पाहा. प्रतिष्ठित मंडळी नाराज झाली तर ती 'खेद व्यक्त करतात', पुढारी 'निषेध नोंदवितात'; विडी कामगार बाई किंवा यंत्रमागावरचा मजूर मात्र 'बोंबलतो'. तक्रार एकच असली तरी क्रियापद तक्रारदाराचे घर पाहून ठरते.

आमच्या शहरापुरती बोंबेची एक सोयही नमूद करावयास हवी. येथे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. घोषणा द्यावयाची तर ती कोणत्या भाषेत, हा प्रश्न पडतो. बोंबेला भाषांतर लागत नाही.

ज्याच्या नावाने बोंब उठली त्याला ती ऐकू गेली, असा प्रसंग या शहराने पाहिला आहे. 1930 च्या मे महिन्यात महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरले. 8 मे रोजी गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात औषधालाही उरला नाही. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तिरंगा फडकविणे गुन्हा ठरले, डोक्यांवरच्या गांधी टोप्या उतरविल्या गेल्या आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या राजवटीच्या क्रौर्याबद्दल दुमत नाही. तथापि लोकांचा आवाज हा आपल्याच नावाने उठला आहे, हे तिला नेमके समजले होते. निवेदन स्वीकारून तिने तो फाईलला लावला नाही.

अलीकडचेही एक उदाहरण आहे. 2021 साली उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याकडे नेण्याची योजना पुढे आली. ते सांडपाणी आहे असे समर्थन करण्यात आले. परंतु जिल्ह्यात सर्व बाजूंनी ओरड उठली आणि त्याच वर्षी शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला. येथे निर्णय एक होता, तो घेणारे ठाऊक होते, आणि बोंब त्यांच्याच नावाने होती.

परंतु जेथे नावच सापडत नाही, तेथे काय करावयाचे? फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा, म्हणजे 512 किलो माल, सत्तर किलोमीटरवरून सोलापूरच्या बाजार समितीत आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हाती राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. यांतील प्रत्येक कपातीला रीत आहे, प्रत्येक रकमेची पावतीवर नोंद आहे. हमालाने हमाली सोडावी असे कोणी म्हणणार नाही, आणि गाडीवाल्यानेही डिझेल पदरचेच घातलेले असते. भाव पडला तो माल फार आला म्हणून, असे व्यापारी सांगतो, आणि ते खोटेही नसते. निर्यातीच्या धोरणाकडे बोट दाखवावे तर ते ठरविणारे दिल्लीत बसतात. पूनम गेटवरचा आवाज तेथवर जात नाही.

त्या शेतकऱ्याने बोंब ठोकली नाही. त्याने मिळालेला धनादेश लोकांपुढे धरला, आणि त्याचे छायाचित्र देशभर पोहोचले. तो धनादेश पुरत्या दोन रुपयांचा होता. आणि तो वटविण्यासाठी पंधरा दिवस थांबावयाचे होते.